डोळ्यांखालच्या पिशव्या आणि आपाची डबी

दरवर्षी जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग समोर येतो आणि पहिल्याच आठवड्यात एखादी मुलगी वही तपासून घेण्याच्या निमित्ताने टेबलाजवळ येऊन हळूच विचारते, "मॅडम, आप रोये क्या?" आम्ही हसतो. रडलेलो नसतो, रात्री जागलेलोही नसतो. आमचे डोळेच तसे आहेत. खालच्या पापणीखाली दोन्ही बाजूंना फुगीर पिशव्या आणि त्यांच्याखाली सावली. (घरी उर्दूत 'हम' म्हणतच लहानाचे मोठे झालो, त्यामुळे मराठी लिहितानाही 'मी' पटकन उतरत नाही. वाचक भगिनींनी सांभाळून घ्यावे.)

ही देणगी अम्मीची. तिचा निकाहाच्या वेळचा काळा-पांढरा फोटो आहे. वय असेल वीस-एकवीस, आणि त्यातही डोळ्यांखाली तीच फुगवटी. अम्मी म्हणायची, "मेरी अम्मी के भी ऐसेच थे." आम्ही तिघी बहिणी. आपा सर्वांत मोठी, लग्न होऊन जामनेरातच दुसऱ्या मोहल्ल्यात राहते. आम्ही मधल्या, इथेच उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. छोटी पुण्यात नोकरी करते. तिघींच्या तोंडावर अम्मीची सही आहे. लग्नकार्यात अनोळखी बायकाही ओळखतात, "तुम फलाने की बेटियाँ ना?"

हा विषय सौंदर्याचा समजून वाचायला घेतला तरी हरकत नाही. आम्हीही तो तसाच समजत होतो. पण २०२३ साली आमच्या घरात तो आजाराचा विषय झाला.

आधी या पिशव्या म्हणजे काय ते सांगतो. छोटीने जळगावच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवायचे ठरवले तेव्हा आम्ही सोबत गेलो होतो. त्या बाईंनी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी कागदावर डोळ्याचे चित्र काढून समजावले. शिक्षकाला असे डॉक्टर फार आवडतात. डोळ्याचा गोळा हाडाच्या खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. या चरबीला पुढून अडवून धरणारा एक पातळ पडदा असतो. वयाप्रमाणे, आणि काही घराण्यांत तर तरुणपणीच, तो पडदा सैल पडतो आणि चरबी पुढे डोकावते. हीच खरी पिशवी. ती सकाळी, दुपारी, संध्याकाळी सारखीच असते. हनुवटी न हलवता फक्त नजर वर छताकडे नेली की ती आणखी फुगलेली दिसते. आम्ही तिथेच छोटीच्या पर्समधल्या आरशात करून पाहिले, अगदी तसेच झाले.

दुसरी असते पाण्याची सूज. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ आणि तिच्याखाली जागा मोकळी, त्यामुळे शरीरात पाणी थोडे जरी साठले तरी ते आधी इथे दिसते. रात्रभर आडवे झोपल्यावर सकाळी जास्त, आणि उठून हिंडू-फिरू लागले की दुपारपर्यंत कमी. नजर वर-खाली केल्याने तिच्यात काही फरक पडत नाही.

काळी वर्तुळे हे तिसरेच प्रकरण. ते कातडीच्या रंगाचे, कधी कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचे. आणि कधी रंगही नसतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणाऱ्या खाचेत पडलेली नुसती सावली असते. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली आम्ही दहा वर्षांनी म्हातारे दिसतो आणि खिडकीजवळ उभे राहिलो की बरे दिसतो, त्याचे कारण त्या दिवशी कळले.

बाजारात मात्र या तिन्हींवर एकच क्रीम विकतात.

घरगुती उपाय आम्ही सगळे केलेले आहेत. काकडीच्या चकत्या, बटाट्याचा कीस, गुलाबजलाचे बोळे, बदामाचे तेल, फ्रीजमध्ये ठेवलेले स्टीलचे चमचे. यात गुण आहे तो गारव्याचा. गार लागले की रक्तवाहिन्या आकसतात आणि पाण्याची सूज तास-दोन तास ओसरते. काकडी असो की ओला रुमाल, फरक नाही. चहाच्या थंड केलेल्या पिशव्यांत गारव्याबरोबर कॅफीनही असते, तेही रक्तवाहिन्या आकसवते. महागड्या 'आय क्रीम'मध्ये बहुतेक वेळा तेच कॅफीन असते. लग्नाला जाण्याआधी लावायला ठीक आहे. चरबीच्या पिशवीला यातले काहीही लागू पडत नाही. बाईंच्या शब्दांत सांगायचे तर, "भिंतीला रंग दिल्याने आतली वीट हलत नाही." रेटिनॉलची क्रीम महिनोन्‌महिने लावली तर कातडी थोडी घट्ट होते, पण डोळ्यांच्या इतक्या जवळ ती झोंबते आणि गरोदरपणात तर अजिबात चालत नाही.

खाण्यापिण्याचा संबंध मात्र खरा आहे आणि आमच्या खान्देशात तो मोठा आहे. बिबडे, पापड, लोणचे, वर ठेचा. मीठ पाणी धरून ठेवते. रमजानचे दिवस आठवा. इफ्तारला भजी, समोसे, नमकीन. रात्री तरावीहनंतर पुन्हा काहीतरी चटकदार. मग सहरी, फजरची नमाज आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवे पडणे. गेली काही वर्षे रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला, म्हणजे इकडे सकाळच्या शाळेचे दिवस. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या रोजेदार बायका सुजलेल्या डोळ्यांनी एकमेकींकडे बघून हसायचो. उशी थोडी उंच घ्या, सहरीतले खारट कमी करा, इफ्तार ते सहरी पाणी नीट प्या, फरक दिसतो. धुळीच्या दिवसांत डोळे चोळण्याची सवयही वाईट. ॲलर्जी असेल तर तिचे औषध घ्यावे. चोळून चोळून सूजही येते आणि काळेपणाही.

छोटीला हे सगळे ऐकून समाधान झाले नाही. तिच्या पिशव्या चरबीच्या होत्या आणि ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये स्वतःचे तोंड दिवसभर समोर दिसायचे. तिने विचारले, इंजेक्शन? बाई म्हणाल्या, फिलर खाचेत भरायचे असते. हायल्युरोनिक ॲसिडचे जेल असते, काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकते, नको झाले तर विरघळवताही येते. ज्यांना नुसती खाच आहे त्यांना शोभते. पण जिथे आधीच पिशवी आहे तिथे भर घातली तर चेहरा आणखी सुजलेला दिसू शकतो. आणि सुई रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाण्याचा धोका आहे. फार विरळ, पण आहे. म्हणून ते पार्लरमध्ये कधीच घेऊ नये.

मग राहते ऑपरेशन. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन चरबी थोडी काढतात, किंवा न काढता ती खालच्या खाचेवर पसरवतात. बाहेर व्रण दिसत नाही. कातडी फार लोंबत असेल तर पापणीच्या केसांच्या रेषेखालून छेद घ्यावा लागतो. काळे-निळेपण आणि सूज आठवडा-दोन आठवडे राहते. डोळे कोरडे पडणे, पापणी खाली ओढली जाणे, दोन डोळ्यांत फरक राहणे असे होऊ शकते, आणि क्वचित आत रक्तस्राव होऊन नजरेला धोका. हे नेत्रप्लास्टिक सर्जनचे काम.

घरी आल्यावर वाद झाला. आमचे भाईजान म्हणाले, अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात बदल कशाला? छोटी म्हणाली, मग चष्मा कशाला लावता? आमच्या ओळखीच्या एका आलिमांना विचारले. त्यांनी सांगितले ते एवढेच की, दोष किंवा त्रास दूर करणे वेगळे आणि नुसत्या हौसेसाठी रूप बदलणे वेगळे, असा फरक उलेमा करतात. तुझे कोणते ते तू स्वतःला प्रामाणिकपणे विचार. आम्हाला मात्र यात एक गोष्ट आठवली. पापणीवरच्या शस्त्रक्रिया ही काही युरोपातून आलेली नवी टूम नाही. कुर्तुब्याच्या अल-जहरावींच्या 'अत-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे, त्यात हत्यारांच्या आकृत्यांसह पापण्यांचे उपचार दिले आहेत. बगदादच्या अली इब्न ईसांनी 'तज़्किरतुल-कह्हालीन' हा ग्रंथ लिहिला तो केवळ डोळ्यांच्या विकारांवर. एक हजार वर्षांपूर्वीची ही मंडळी. 'कह्हाल' म्हणजे सुरमा लावणारा, आणि त्याच शब्दाचा अर्थ पुढे डोळ्यांचा वैद्य असा झाला. वर्गात हा शब्द शिकवताना मुलांना फार मजा वाटते.

आता आपाचे सांगतो.

आपा बाहेर जाताना नकाब लावते. बाहेरच्या जगाला तिचे फक्त डोळे दिसतात. म्हणून असेल, पण आम्हा तिघींत डोळ्यांखालच्या काळेपणाचा तिलाच सर्वांत जास्त कमीपणा वाटायचा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये, मोठ्या मुलाच्या लग्नाच्या तोंडावर, तिने ओळखीच्या एका पार्लरवालीकडून 'स्पेशल नाइट क्रीम' घेतली. पांढरी प्लास्टिकची डबी. वर ना कंपनीचे नाव, ना तारीख, ना घटक. वलीम्यापर्यंत आपाचा चेहरा खरोखर उजळला. बायका विचारू लागल्या. आम्हीही विचारले. तिने आम्हाला एक डबी देऊ केली. आम्ही घेतली नाही, ती शहाणपणाने नव्हे. त्या वासाने आमचे डोके दुखायचे.

मार्चअखेर रमजान लागला आणि आपाच्या डोळ्यांखाली सूज दिसू लागली. आम्ही म्हणालो, रमजान आहे. ईद झाली, सूज राहिली. आम्ही म्हणालो, अम्मीच्या पिशव्या, आता वय झाले. फोनवर हसून बोललो हे. पावसाळा लागला तेव्हा सकाळी तिचे डोळे उघडायचे कष्ट पडत आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला दिसे. बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली. ऑगस्टमध्ये ती एकदा सहज बोलून गेली की लघवीला फेस येतो, पाणी टाकले तरी जात नाही. ते ऐकून तिची सूनच घाबरली. तीच हिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. आम्ही दोघी शिकलेल्या बहिणी नव्हे.

लघवीतून प्रथिने जात होती, आणि भरपूर जात होती. किडनीची चाळणी गळू लागली की रक्तातले प्रथिन लघवीवाटे निघून जाते, रक्तात पाणी धरून ठेवणारे कमी होते आणि ते पाणी बाहेर झिरपून साठते. सकाळी डोळ्यांखाली, संध्याकाळी पायांवर. जळगावहून छत्रपती संभाजीनगरला पाठवले. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी सुईने किडनीचा लहानसा तुकडा काढून तपासायला दिला, आणि मग एक प्रश्न विचारला. तो ऐकून आपा गप्पच झाली. "चेहऱ्याला काही लावता का?"

त्या डबीत पारा होता. आपाच्या रक्ताच्या तपासणीत तो निघाला.

पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीत साठतो. हे काही आपाच्याच नशिबी आले असे नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, फेब्रुवारीच्या सुमारास, अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींना किडनीचा विकार. तिघी एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ती क्रीम तपासली, पारा सापडला. ती बातमी आम्ही मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वाचली होती. मोठ्याने वाचून दाखवली होती. "अरे बापरे" म्हणालो आणि पान उलटले. अकोला ते जामनेर असे कितीसे अंतर? पण त्या दिवशी आपाच्या फळीवरची डबी आम्हाला आठवली नाही. आयुष्यभर मुलांना 'वाचलेले समजून घ्या' असे सांगणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

पुढे कळले की केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही याच प्रकारच्या किडनीविकारावर अभ्यास केला होता. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे त्या विकाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांमध्ये त्याचा एक विशिष्ट, एरवी विरळ असणारा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणाऱ्या क्रीम वापरत होते. हा अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात छापून आला. बहुतेकांचा आजार क्रीम बंद केल्यावर मागे हटला, हे वाचून आम्ही त्या रात्री नीट झोपलो.

आपल्याकडे कायदा आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांत, चुकून मिसळलेला पारा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. फक्त डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंत तो टिकवण्यासाठी म्हणून ७० भागांपर्यंत चालतो. पण नियम त्या वस्तूला लागू करता येतो जिच्यावर बनवणाऱ्याचे नाव आहे. आपाच्या डबीवर काय होते? पार्लरवालीला विचारायला आपाची सून गेली. तीही बिचारी रडू लागली. ती स्वतः तीच क्रीम लावत होती. तिला ती बाजारातून किलोच्या हिशेबाने मिळत असे आणि ती डब्यांत भरून विकत असे. तिलाही तपासणी करून घ्यायला सांगितले. तिने केली की नाही, ते कळले नाही.

आपाची क्रीम बंद झाली, मीठ जवळजवळ बंद झाले, लघवीतली प्रथिने कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी. पुढच्या रमजानला डॉक्टरांनी रोजे ठेवू दिले नाहीत. तिला त्याचे आजारापेक्षा जास्त वाईट वाटले. तिने फिदिया दिला आणि सगळ्यांना सहरीला उठवायचे काम स्वतःकडे घेतले. आठ-नऊ महिन्यांत प्रथिने जवळजवळ थांबली. सूज उतरली. उतरल्यावर खाली काय होते? अम्मीच्याच पिशव्या. अगदी त्याच, निकाहाच्या फोटोतल्या. आपाने आरशात पाहिले आणि म्हणाली, "आ गई मेरी अम्मी." चेहऱ्याचा रंगही पहिल्यासारखा झाला, आणि पहिले काही महिने तर जास्तच काळवंडला होता. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

छोटीने मागच्या वर्षी पुण्यात ऑपरेशन करून घेतले. तिथल्या सर्जननी हात लावण्याआधी लघवी आणि थायरॉइड या दोन तपासण्या करायला लावल्या. थायरॉइड कमी असले तरी डोळ्यांभोवती फुगते, जास्त असले तर डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, आणि अशा वेळी चरबी काढून काही मिळत नाही. दोन्ही ठीक निघाल्या, मगच तारीख दिली. दहा-बारा दिवस ती काळा चष्मा लावून फिरली. पिशव्या गेल्या. काळेपणा तसाच राहिला, कारण तो चरबीचा नव्हताच. तिला ते आधी सांगितलेले होते तरी थोडी हिरमुसली. आता लग्नात बायका आम्हा दोघींना ओळखतात आणि तिला विचारतात, तुम कौन? यावर भाईजान मुद्दाम काही बोलत नाहीत, नुसते आमच्याकडे बघतात.

आम्ही काहीच केले नाही. पिशव्या आहेत तशा आहेत. उशी उंच घेतली, पापड कमी केला. स्टाफरूममध्ये कुणाच्या पर्समध्ये बिननावाची डबी दिसली की आम्ही हातात घेऊन उलटून पाहतो. त्यामुळे काही जणी आता आमच्यासमोर पर्स उघडत नाहीत. दहावीच्या मुलींना मात्र सांगितले आहे: सकाळी तोंड सुजते आणि लघवीला फेस येतो असे घरात कुणी म्हणाले तर पार्लर नाही, आधी लघवीची तपासणी. सरकारी दवाखान्यातही होते. आणि एकाच डोळ्याला लाल, दुखरी सूज आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आपा रोज फजरनंतर पलंगाच्या कडेला बसून नडगीच्या हाडावर अंगठा दाबते आणि उचलून बघते. खळगा राहिला तर आत पाणी आहे. मग आम्हाला फोन येतो. आम्ही डबा भरत असतो, रिक्षावाला दाराशी हॉर्न वाजवत असतो. सलाम-दुआही नाही. एवढेच म्हणते, "गड्ढा नहीं है," आणि ठेवून देते.